काकांच्या मागावर कुमाऊंत

कुमाऊंला जायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. उत्तर भारत म्हटलं की मला दिल्लीचा विमानतळ, तिथले टॅक्सीवाले आणि पोटाचे विकार एवढंच आठवतं. सुट्टी मिळाली की आम्ही इंग्लंडमधल्या वॉटफर्डहून निघतो ते थेट पुण्याला आईकडे, आणि आंबे खाऊन परत. त्यातून मी स्वभावाने संशयी. हाय स्ट्रीटवरच्या एका छोट्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, आणि डॉक्टरांच्या सह्या, डोस, तारखा पुन्हा पुन्हा तपासणं हाच माझा दिवसभराचा उद्योग. तीच सवय घरी येते. नवरा म्हणतो, तू दुधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा दुकानदाराकडे बघत बघत वाचतेस.

तर हा प्रवास झाला तो निखिलच्या फोनमुळे. निखिल माझा चुलतभाऊ, इल्फर्डला राहतो. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी त्याची स्वतःची अशी आहे.

"मेधाताई, बाबाचा काहीतरी चालू आहे," तो म्हणाला. "हा थर्ड इयर आहे. एव्हरी स्प्रिंग तो इंडियाला जाते. पुण्याला दोन दिवस, आणि मग सिक्स वीक्स त्या माउंटन्समध्ये. विचारलं तर म्हणतो, हवा चांगला आहे."

"असेल की चांगली."

"ताई, स्लाऊमध्ये पण हवा आहे."

अनंतकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. भूलतज्ज्ञ. तरुणपणी इथे आले, इथल्या इस्पितळांत आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि निवृत्त झाल्यावर स्लाऊच्या घरात काकूबरोबर बाग करत राहिले. शैलाकाकू गेली आणि पुढच्या वसंतात ते एका टूरबरोबर हिमालयात गेले. तिथून ही वारंवार जायची सवय लागली. निखिलला वाटत होतं कुणी आश्रमवाला त्यांना धरून बसलाय. "नाहीतर माझा वाइफ म्हणते, बाई असेल," असं तो शेवटी खालच्या आवाजात म्हणाला.

मी काकांना फोन केला. यंदा मीही येऊ का, हिमालय बघायचाय, वगैरे. ते नाही म्हणतील, मग मी काय म्हणायचं, याची तयारी करून बसले होते.

"ये की," काका म्हणाले. "मी तुला विचारणारच होतो."

तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजली. ज्याला काही लपवायचंय तो माणूस पुतणीला इतक्या आनंदाने बरोबर नेत नाही. आणि ज्याला काही लपवायचं नाही, तो तीन वर्षं मुलाला हवेच्या गोष्टी सांगत नाही.

हीथ्रोवर सिक्युरिटीवाल्यांनी काकांची हातातली बॅग उघडली. लोकरीचे मोजे, चहाचे डबे, आणि कानात घालायच्या यंत्राच्या बॅटऱ्या. त्या छोट्या गोल, मागे केशरी चिकटपट्टी असलेल्या. आमच्या दुकानात मी त्या रोज विकते, त्यामुळे लांबून ओळखल्या. वर्षभर पुरतील इतक्या होत्या. काकांचे कान इतके तिखट आहेत की पलीकडच्या खोलीत त्यांच्याबद्दल कुजबुजायची सोय नाही.

"कुणासाठी हो, काका?"

"आहेत एक ओळखीचे," काका म्हणाले आणि बूट घालायला खाली वाकले.

दिल्लीहून काठगोदामला रात्रीची गाडी आहे. झोपायचं आणि सकाळी पहाडाच्या पायथ्याशी उठायचं. तिकीट आधी काढा, एप्रिल-मेमध्ये गर्दी असते. काठगोदामला रूळ संपतात. फलाटाच्या मागे डोंगर असा उभा राहतो की रेल्वेने तिथे हात टेकले हे दिसतंच. बाहेर हरीश नावाचा ड्रायव्हर पांढरी गाडी घेऊन उभा होता. त्याने काकांना वाकून नमस्कार केला आणि माझी बॅग घेता घेता म्हणाला, "साहब तो अब हमारे घर के ठहरे." इकडच्या हिंदीत 'आहे'च्या जागी 'ठहरा' येतं, हे मला दोन दिवसांनी कळलं. त्या क्षणी मला वाटलं, काका यांच्या घरी राहतात की काय.

थोडा भूगोल सांगते, कारण मलाही तो गाडीतच कळला. राज्याचं नाव तेव्हा उत्तरांचल. त्याचे दोन प्रशासकीय विभाग, पश्चिमेला गढवाल आणि पूर्वेला कुमाऊं. चारधामची गर्दी सगळी गढवालकडे जाते, म्हणून कुमाऊं जरा निवांत. कुमाऊंचे जिल्हे सहा. सगळ्यात खाली ऊधमसिंह नगर, हा सपाट, ऊस आणि भाताचा. मग नैनिताल, विभागाचं मुख्यालय आणि तळ्यांचा जिल्हा. मध्ये अल्मोडा आणि बागेश्वर, पूर्वेला चंपावत, आणि वर तिबेटपर्यंत पसरलेला पिथौरागढ. पूर्वेच्या काली नदीपलीकडे नेपाळ. म्हणजे सकाळी उसाच्या शेतातून निघून तुम्ही बर्फाकडे तोंड करून गाडी हाकत राहता, आणि हवा, झाडं, डाळी, माणसांचे चेहरे सगळं हळूहळू बदलत जातं. मला हे अंतर नकाशावर वीतभर दिसलं होतं. नकाशावर विश्वास ठेवू नका; इथे ताशी पंचवीस किलोमीटर झाले तरी ड्रायव्हरचे आभार माना.

नैनितालला आम्ही एकच दिवस होतो. तळं सुंदर आहे, काठाचा मॉल रोड चालायला छान, पण खोली घेताना जपा. 'लेक व्ह्यू' म्हणून दाखवलेल्या पहिल्या खोलीतून तळं बघायला मला न्हाणीघरातल्या स्टुलावर चढावं लागलं असतं. दुसरी घेतली. काका बोटीत बसायला तयार नव्हते, सारखं घड्याळ बघत होते. संध्याकाळी मी शाल बघत होते तेव्हा ते 'जरा फोन करून येतो' म्हणून गेले आणि बऱ्याच वेळाने आले. कुणाला केला, तर म्हणाले, पुढच्या खोलीचं नक्की करत होतो. इतका वेळ आणि इतक्या प्रसन्न चेहऱ्याने कुणी खोलीचं नक्की करत नाही.

दुसऱ्या दिवशी भवाली, गरमपानी करत, कोसी नदीच्या कडेकडेने अल्मोडा. गरमपानीला थांबून आलूचे गुटके खा. मोहरी, जिरं आणि लाल मिरचीवर परतलेले बटाटे, वर काकडीचा झणझणीत रायता. त्या रायत्यात राई वाटून घालतात, पहिला घास नाकातून जातो. अल्मोडा डोंगराच्या सोंडेवर वसलेलं जुनं गाव आहे. बाजाराचा रस्ता दगडी फरशांचा, काही दुकानांवर अजून कोरीव लाकडी सज्जे. हॉटेलच्या मॅनेजरने आमचं आडनाव वाचून सांगितलं की तेही मूळचे महाराष्ट्रातले. आडनाव पंत. शतकांपूर्वी कोकणातून त्यांचे पूर्वज इथे आले म्हणे. मी हसून मान डोलावली. मनात म्हटलं, पंजाबी गिऱ्हाईक आलं की हे लाहोरचे होत असतील.

बाजारात काका एका मिठाईच्या दुकानात शिरले. अल्मोड्याची बाल मिठाई प्रसिद्ध आहे, खव्याच्या तपकिरी वड्या, वरून साखरेचे पांढरे दाणे. काकांना मधुमेह आहे. दुकानदाराने त्यांना बघितलं आणि मागच्या फळीवरचा डबा काढत विचारलं, "मैडमजी वाला? कम दाने वाला?"

"हां, वही," काका म्हणाले, आणि मग मी मागे उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. निखिलची वाइफ बरोबर होती.

मी तिथेच विचारू शकले असते. विचारलं नाही. काय ऐकायला मिळेल याची भीती होती, आणि शैलाकाकूचा चेहराही डोळ्यांपुढे येत होता. काकू माझी लग्नानंतरची इंग्लंडमधली आई. मला ब्रिटिश ओव्हनमध्ये नानकटाई करायला तिने शिकवलं. तिच्या जागी कुणी 'मैडमजी'?

अल्मोड्याजवळ चितईला गोलू देवतेचं देऊळ आहे. हे जरूर बघा. गोलू हा इकडचा न्यायाचा देव. लोक त्याच्याकडे अर्ज करतात, चक्क स्टँप पेपरवर. जमिनीचा वाद, सासरचा छळ, परीक्षेचा निकाल, सगळं लिहून टांगायचं आणि काम झालं की घंटा बांधायची. देवळाभोवती हजारो घंटा, लहान, मोठ्या, गंजलेल्या, नव्या कोऱ्या. वारा आला की सगळ्या थोड्या थोड्या हलतात. मी काकांना म्हटलं, "तुम्ही करताय का अर्ज?"

"माझा खटला दुसऱ्या कोर्टात आहे," काका म्हणाले. चेष्टेत म्हणाले असं मला वाटलं.

अल्मोड्याहून बागेश्वर. तिथे सरयू आणि गोमतीचा संगम आहे, काठी बागनाथाचं जुनं देऊळ. गाव उबदार, दरीत बसलेलं. तिथून रस्ता पुन्हा चढायला लागतो आणि चौकोरीला येतो. वाटेत बुरांशची झाडं होती, लालभडक फुलांची. एका धाब्यावर त्याच फुलांचं सरबत मिळालं, गोड आणि किंचित तुरट. चौकोरीला सरकारी पर्यटक निवासात राहा. खोल्या साध्या, गरम पाणी बादलीने मागवावं लागतं, जेवण सांगितलं तरच होतं. त्या संध्याकाळी सगळीकडे धुकं होतं आणि मॅनेजर हवेत हात करून 'यहाँ नंदादेवी, यहाँ पंचाचूली' दाखवत होता. मी त्याच्याकडे त्याच नजरेने बघितलं ज्या नजरेने औषधकंपनीच्या माणसाकडे बघते.

सकाळी पडदा सरकवला आणि सगळी शिखरं तिथे होती. डावीकडे त्रिशूल, मग नंदादेवी, नंदाकोट आणि उजवीकडे पंचाचूलीची पाच टोकं. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मागे वळले तर काका अंगणात होते, इस्त्रीचा शर्ट, निळा टाय, बुटांना पॉलिश. हातात मिठाईचा डबा आणि बॅटऱ्यांची पिशवी.

"मेधा," ते म्हणाले, "आज आपल्याला एकांकडे जेवायला जायचंय. बेरीनागला. हेमा पंत म्हणून आहेत."

"बरं," मी म्हटलं.

बेरीनाग चौकोरीपासून जवळच. घर रस्त्याच्या खाली, दगडी, निळ्या खिडक्यांचं, समोर माल्टा संत्र्यांची चार झाडं. दारात एक उंच, सडपातळ बाई उभ्या होत्या. पांढरे केस कापलेले, साडीवर स्वेटर, पायात कापडी बूट, दोन्ही कानांत यंत्रं. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. लग्न केलेलं नाही. त्यांनी काकांना नुसतं 'आइए' म्हटलं आणि माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. खोटं प्रिस्क्रिप्शन हातात आलं की मी अशीच बघते.

जेवण उत्तम होतं. भट्ट नावाच्या काळ्या सोयाबीनची चुडकाणी, गहतची म्हणजे कुळथाची डाळ, नाचणीची रोटी, भांगेच्या बियांची चटणी. घाबरू नका, बियांना नशा नसते; मी आधी विचारून घेतलं. पंत आडनावावरून मी अल्मोड्याच्या मॅनेजरची गोष्ट काढली, तर हेमाजी म्हणाल्या, "आमच्या वंशावळीतही तसंच लिहिलंय. पण वंशावळ लिहिणारा यजमानाला आवडेल तेच लिहिणार." त्या हिंदीत बोलत होत्या, मी इथे मराठीत लिहितेय. पहिल्यांदाच मला त्या थोड्या बऱ्या वाटल्या.

जेवण झाल्यावर त्या काकांना म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्ही हरीशबरोबर पाताळ भुवनेश्वर बघून या."

"दोनदा बघितलंय," काका म्हणाले.

"मग तिसऱ्यांदा बघा."

आणि काका उठले. इस्पितळात सर्जनलासुद्धा जे काका थांबायला लावत, ते निमूटपणे गाडीत जाऊन बसले. पाताळ भुवनेश्वर ही जमिनीखालची मोठी गुहा आहे, साखळ्या धरून उतरावं लागतं, आत दगडांत देवांचे आकार दिसतात असं ऐकलं. मी बघितली नाही, त्यामुळे तुम्हाला त्याबद्दल दुसऱ्या कुणाचा ब्लॉग वाचावा लागेल.

गाडीचा आवाज गेला तशी हेमाजींनी खुर्ची माझ्यासमोर ओढली.

"तुमची काकू खरंच वारली का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"माझ्या चुलतबहिणीची मुलगी," त्या म्हणाल्या, "पिथौरागढला असते. तिचं लग्न परदेशात नोकरी करणाऱ्या माणसाशी झालं. तो म्हणायचा, एकटाच आहे. तिकडे त्याची बायको होती, मुलं होती. इथे बसून आम्ही काय तपासणार? तुमचे काका पहिल्यांदा भेटले तेव्हा दरड कोसळून रस्ता बंद होता. सगळ्या जीप उभ्या. ते माझ्याशी बोलत होते आणि माझ्या यंत्रातल्या बॅटऱ्या संपलेल्या. त्यांना वाटलं ही बाई घमेंडी. शेवटी मी कानाकडे बोट दाखवलं. इथे बॅटऱ्या मिळत नाहीत, हल्द्वानीहून मागवाव्या लागतात. ते म्हणाले, मी आणीन. लोक असं म्हणतात आणि जातात. पुढच्या वर्षी हे खरंच घेऊन आले. तेव्हा मला जास्त संशय आला. इंग्लंडहून बॅटऱ्या द्यायला कोण येतं?"

मलाही तेच वाटलं असतं.

"यंदा त्यांनी विचारलं, मी इथे येऊन राहू का. मी म्हटलं, आधी तुमच्या घरचं कुणीतरी आणा. मला त्यांच्याशी एकटीने बोलायचंय. मुलाला आणा म्हटलं होतं. ते म्हणाले, त्याच्याशी बोलायचं धाडस होत नाही, पुतणीला आणतो."

म्हणजे मी काकांवर पाळत ठेवायला आले होते, आणि काकांनी मला साक्षीदार म्हणून आणलं होतं. रागच आला मला. दिल्लीपासून ते गप्प होते, ते हे सगळं मनात धरून. मी उठून सरळ म्हणू शकले असते की हा आमच्या घरातला विषय आहे. पण त्या बाई हात मांडीवर ठेवून, मान थोडी पुढे करून, एकही शब्द निसटू नये म्हणून माझ्या ओठांकडे बघत होत्या. खोटं बोलणं किंवा गप्प राहणं दोन्ही मला जमेना.

मग मी सांगितलं. हो, काकू गेली. मी तिथे होते. तिचं दुखणं सात-आठ महिने चाललं. काकांनी तिला घरीच ठेवलं, शेवटचा आठवडा सोडून. रोज तिचे केस विंचरायचे, नर्सला हात लावू द्यायचे नाहीत, आणि विंचरताना इतके हळू विंचरायचे की काकू म्हणायची, अहो, मी काही भुलीखाली नाहीये. ज्या सकाळी ती गेली त्या सकाळी काका वॉर्डाच्या खिडकीशी उभे होते, तिला लावलेला ऑक्सिजनचा मास्क हातात धरून, कुणी मागितला तरी देईनात.

"नवरा म्हणून कसे होते?" हेमाजींनी विचारलं.

खरं सांगायचं तर बरे नव्हते, निदान तरुणपणी. काकू माझ्याजवळ बोलायची. घरी उशिरा यायचे, निखिलच्या शाळेत कधी गेले नाहीत. काही मनाला लागलं की बोलायचे नाहीत, बागेतल्या शेडमध्ये जाऊन कुंड्या पुसत बसायचे. हेही मी सांगितलं. आपण काकांचं नुकसान करतोय की काय असं सांगताना वाटत होतं, तरी थांबले नाही.

हेमाजी पहिल्यांदा हसल्या. "इथे कुंड्या नाहीत. इथे ते माझ्या संत्र्यांच्या झाडांभोवतीचे दगड रचत बसतात."

मग त्या उठल्या आणि चहा टाकला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पंचाचूली दिसत होती, आणि मला जाणवलं की माझे डोळे भरलेत. काकूच्या शेवटच्या दिवसांबद्दल मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. निखिलला ते ऐकवत नव्हतं, काका बोलत नव्हते. मी ते सगळं हजारो मैल वाहून आणून एका अनोळखी बाईपुढे ठेवलं होतं.

काका संध्याकाळी आले. त्यांनी काही विचारलं नाही, हेमाजींनी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मुन्स्यारीला निघालो. थलपर्यंत रस्ता ठीक, पुढे बिर्थीचा धबधबा, मग कालामुनीची चढण. उलटी होणाऱ्यांनी पुढची सीट घ्यावी आणि गोळी आधीच घ्यावी. कालामुनीच्या देवळापाशी गाडीतून उतरलं की पंचाचूली अचानक इतकी जवळ येते की मागे सरकावंसं वाटतं. मुन्स्यारी हे जोहार खोऱ्याचं दार. इथले शौका लोक पूर्वी मेंढ्यांच्या पाठीवर मीठ आणि लोकर लादून तिबेटशी व्यापार करत. सीमा बंद झाली आणि व्यापार संपला. आता काही घरांत माग आहेत, तिथे शाली आणि गालिचे मिळतात. घासाघीस मी केली, जमली नाही.

नंदादेवीच्या देवळाजवळच्या माळावर आम्ही बसलो होतो. खाली गोरी नदी, समोर पाच शिखरं हळूहळू गुलाबी होत होती.

"काय विचारलं तिने?" काकांनी शेवटी विचारलं.

"सगळं."

"तू काय सांगितलंस?"

"सगळं. शेडसुद्धा."

काकांनी शेजारचे दोन दगड एकावर एक रचले. मग म्हणाले, "बरं केलंस. माझ्याच्याने झालं नसतं."

"मला आधी सांगायला हवं होतंत, काका."

"सांगितलं असतं तर तू शिकवल्यासारखं बोलली असतीस. तिने लगेच ओळखलं असतं."

ते बरोबर होतं. पण निखिलशी त्यांनी स्वतः बोलायचं, यावर मी अडून बसले. बाजारातल्या फोन बूथमध्ये काका आत आणि मी दारात. काकांनी सगळं दोन वाक्यांत सांगितलं, रुग्णाच्या नातेवाइकांना सांगावं तसं. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण काकांचा हात रिसीव्हरवर घट्ट झाला. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि बाहेर गेले.

"तू माझा साइडला होती, ताई," निखिल म्हणाला. "तू तिच्या घरी जेवला? आईला तीन वर्षं पण नाही झाला."

मी सांगायचा प्रयत्न केला. त्याने फोन ठेवला.

परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा बेरीनागला थांबलो. हेमाजींनी निकाल अंगणातच सांगितला, मला मध्ये ठेवून, जणू मी कोर्टाची कारकून. लग्न करणार नाही. शेजारच्या घरात वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, त्या भाड्याने घ्याव्या. "आणि पावसाळा काढून दाखवा," त्या काकांना म्हणाल्या. "एप्रिलमध्ये सगळ्यांनाच पहाड आवडतो. पावसात रस्ते तुटतात, वीज नसते, भिंतीला बुरशी येते, अंथरुणात जळवा निघतात. मग बघू."

"ठीक आहे," काका म्हणाले. त्यांनी परतीचं तिकीट बदललं. मी काठगोदामहून एकटी दिल्लीच्या गाडीत बसले. फलाटावर काकांनी मला नेहमीसारखं पाठीवर थापटलं आणि हरीशच्या गाडीत पुढे, त्याच्या शेजारी बसून परत वर गेले. मी डब्याच्या दारात उभी राहून बघत होते. वाईट वाटत होतं, आणि खरं सांगते, संशय गेला नव्हता. एवढ्या वयात, पोराला दुखवून, दोन यंत्रांतून ऐकणाऱ्या बाईच्या परीक्षेला बसायचं, हे शहाणपण की वेडेपण, मला ठरवता येत नव्हतं.

मी घरी आल्यावर निखिल महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग एका रविवारी इल्फर्डहून आला, मुलांना घेऊन, आणि काकांचं नावही न काढता जेवून गेला. मे गेला, जून गेला. काकांचा दर आठवड्याला मला फोन यायचा. आवाज खरखरायचा, पावसाच्या बातम्या असायच्या. निखिलला ते करायचे तेव्हा तो उचलायचा नाही.

मग फोन येणं बंद झालं. मी लावला तर लागेना. मी बेरीनागच्या बातम्या इंटरनेटवर शोधत बसायची. कुठे दरड, कुठे पूल वाहून गेला, एवढंच सापडायचं. घाबरून मी निखिलला सांगितलं. त्या दिवसापासून तोच मला रोज दुकानात फोन करून विचारायला लागला, "आला का?"

एका दुपारी त्याचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. मी तो मागच्या खोलीत जाऊन घेतला.

"ताई, तिचा फोन आला," निखिल म्हणाला. "ती बाई. मला. ती खूप ओरडत होता, आय थिंक तिला ऐकू येत नाही. इंग्लिशमध्ये बोलली, टीचरसारखा. म्हणाली, बाबाला फीव्हर होता, बेरीनागचा फोन सगळा बंद. ती जीपने आली, मग रस्ता तुटलेला तिथे चालत पलीकडे, मग दुसरा जीप. अल्मोडाला. औषध घ्यायला आणि मला फोन करायला. म्हणाली, युवर फादर इज ईटिंग नाऊ. ए सन शुड नो, म्हणजे मुलाला कळला पाहिजे."

"आणि?"

"आणि मला रागावली," तो म्हणाला. त्याने नाक ओढलं. "म्हणाली, इतका महिना बापाचा फोन उचलत नाही, हे कुठला मुलगा करते? मी सॉरी म्हटलं, ताई. मी तिला सॉरी म्हटलं."

मी स्टुलावर बसले. बाहेर कुणीतरी घंटी वाजवत होतं, मी उठले नाही.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "त्या ट्रेनचा नाव काय? मुलांना ऑक्टोबरमध्ये हाफ टर्मचा सुट्टी आहे."

मी त्याला सगळं सांगितलं. काठगोदामची गाडी, हरीश, गरम कपडे, मुलांना रस्त्यावर पाणी कुठलं द्यायचं, बेरीनागच्या आधीची वळणं. तो लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, "आणि ती? ती कशी आहे? चांगला आहे ना?"

मी दोन दिवस तिच्या घरी जेवले होते. माझ्या उत्तरावर तो विसंबून राहणार होता, जशी ती माझ्या उत्तरावर विसंबून राहिली होती.

"ती खरं बोलते," मी म्हटलं. "बाकी तू जाऊन बघ."